कोरियातला बदली गडी आन् माजी पेशी

दवाखान्यातली सविता सिस्टर म्हनली, मावशी, तुमी हितं खुर्चीत बसून जे बोलता ते मोबाईलमधी बोला. म्या लिहून घेती, नव्यानं येनाऱ्या बायांना वाचायला देऊ. म्या म्हनलं, वाचून काय गाठ जाती व्हय? तर म्हनली, गाठ न्हाय जात, पर भ्या जातंय. म्हनून बोलती हाय. म्या तिसरीपतुर शिकलेली. चुकलं-माकलं तर सिस्टरला इचारा, मला न्हाय.

पयलं एक सांगती, मंग बाकीचं. म्या आठ म्हैनं गाठ लपवली. आंघूळ करताना डाव्या छातीला हरभऱ्याएवढं लागलं. मंग बोराएवढं झालं. सुनंला सांगायचं कसं, ल्येकाला तर त्याहून कसं? दुखत नव्हतं. जे दुखत न्हाय ते आजारपन न्हाय, असं धरून चालले. शेवटाला झंपरला डाग पडाय लागला आन् सुरेखानं, माज्या सुनंनं, धुनं धुताना त्यो बघितला. माजं बाकी काय ऐकू नका बायांनो, पर येवढं ऐका. लाज गाठीला नसती. आपल्यालाच असती.

*

येडशीजवळ आमचं गाव. ल्योक दत्ता येडशीत गॅरेजात कामाला हाय. त्यानं मला धाराशिवला नेलं, तिथनं सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. सुई घालून गाठीतलं काढलं आन् आठ दिसांनी या म्हनले.

आठ दिसांनी गेलो. डॉक्टर पोरगेलासा, स्वभावानं चांगला, पर माज्याकडं न बघता दत्ताकडं बघून बोलायला लागला. पेशी वाढल्यात म्हनला. पेशी चांगल्या न्हाईत म्हनला. आता उशीर करून चालनार न्हाय.

माजं पानी पानी झालं. आजाराला भिऊन न्हाय. आमच्याकडं पेशी म्हंजी कोर्टाची. माज्या सासऱ्याची बांधाच्या भांडनात एकवीस वर्सं पेशी चालली. दर पेशीला भाकरी बांधून द्यायची आन् वाट बघत बसायचं, त्यातच माजी तरनी वर्सं गेली. म्या हात जोडून म्हनलं, "साहेब, माज्या नावानं कसली पेशी लागली? म्या कुनाचं काय केलंय?"

डॉक्टर तोंड उघडं ठेवून बघाय लागला. दत्ता रडत व्हता, त्यो रडता रडता हसला. मंग सविता सिस्टर माज्या शेजारी बसली. म्हनली, मावशी, आपलं अंग बारीक बारीक दान्यांचं केलेलं असतंय. त्या एकेका दान्याला पेशी म्हंत्यात. तुमच्या गाठीतलं दानं माजल्यात. कॅन्सर हाय.

म्या म्हनलं, मंग तसं सांगायचं की सरळ.

पर त्या दिवशी म्या मनात जे धरलं ते सोडलं न्हाय. सासरे म्हनायचे, निकाल हाकिमाच्या हातात, हजर ऱ्हानं आपल्या हातात. पेशीला जो गैरहजर त्यो तिथंच हरला. डॉक्टर म्हनला, एकवीस दिसाला एक, असे सहा डोस, मंग ऑपरेशन. म्या म्हनलं, सहा पेश्या. लिहा.

*

डोसच्या दिवशी काय असतं ते सांगती, म्हंजी तुमी भिनार न्हाय.

सकाळी रगत तपासायचं. मंग डॉक्टर बघनार. औषध चढायला दुपार व्हती. एक लांब खोली हाय, तिच्यात खुर्च्या मांडल्यात, बाया-बापे सगळे वळीनं. पयलं औषध लाल असतंय, कोकमासारखं. नंतर लघवीबी लाल व्हती, त्येला घाबरायचं न्हाय. म्या घाबरले, सिस्टरला हाका मारल्या, आन् सगळ्या खोलीला कळलं माजी लघवी कशी झाली ते. आता हसू येतंय.

उलट्या घरी गेल्यावर. तोंडाची चव जाती, पानीबी लोखंडासारखं लागतंय. केस दुसऱ्या डोसाच्या अदुगर गेले. हातात मूठभर येयाचे. म्या सुरेखाला म्हनलं, आन कातर, ह्याला कशाला वाट बघायला लावायची. तिच्यानं हुईना. मंग म्याच कापलं.

सुरेखाचंबी खरं सांगती. तिनं केलं, लई केलं. पर एक दिस माजी उलटीची बादली तिनं मोरीत आपटली आन् म्हनली, मीच मरती एकदाची म्हंजी सगळ्यांचं सुटंल. म्या ऐकलं. तिला कळलं म्या ऐकलं. घंटाभरानं ज्वारीच्या कण्या ताकात कालवून घेऊन आली आन् पुढं बसली. म्या कण्या खाल्ल्या. त्या दिवशी पयल्यांदा पोटात टिकलं.

*

माज्या शेजारच्या खुर्चीत माने सर असायचे. धाराशिवच्या शाळंत खेळाचे मास्तर व्हते, आता घरी बसल्यात. त्यांचा आतड्याचा. आमची दोघांची पेशी एकाच दिवशी पडायची.

दुपारचे तीन वाजले की सर मोबाईल काढायचे आन् त्यात डोळं घालून बसायचे. पयल्या डोसाला माज्या जिवाची तगमग, आन् शेजारी मोबाईलातनं ढोल वाजतोय, पोरी नाचत्यात, हजार मानसं एका सुरात गात्यात. म्या म्हनलं, "हितं मानसं मराय टेकल्यात आन् तुमी तमाशा बघता?"

सर म्हनले, "आक्का, मरायला वेळ आहे अजून. आता कुठं पहिला डाव चाललाय."

त्यो खेळ बेसबॉल. कोरिया म्हनून देश हाय, लई उगवतीला. आपल्याकडं तीन वाजत्यात तवा तिकडं दिवं लागायची येळ असती. सरांनी धाराशिवच्या पोरींना ह्योच खेळ शिकवला. म्या बघून म्हनलं, ह्यो इटीदांडूच की, नुसती इटीच्या जागी चेंडू हाय. जो फेकतोय त्येला म्या फेक्या म्हनाय लागले. सिस्टर पोट धरून हसली. म्हनली, मावशी, फेक्या म्हंजी थापाड्या. म्या म्हनलं, असंना. त्योबी थापाच मारतोय, चेंडू हितं येतोय असं दावतोय आन् तिथं टाकतोय.

दुसऱ्या डोसाला माज्या ध्यानात आलं. सगळी पोरं एका वळनाची, आन् मधीच एखादा भलताच, गाजरावानी तांबडा, न्हाईतर काळाभोर धिप्पाड. म्या इचारलं, ह्यो कुनाचा?

सर म्हनले, हे बाहेरच्या मुलखातले. एका संघात दोन-तीनच घेता येतात. एका वर्षाचा करार असतो. चांगला खेळला तर पुढच्या वर्षी ठेवतात. नाही तर मधीच घरी पाठवतात आन् दुसरा आणतात.

म्या म्हनलं, "म्हंजी सालगडी."



माजं मालक, दत्ताचं वडील, सालगडी व्हते. पाडव्याला साल ठरायचं, फुडच्या पाडव्याला सुटायचं. घरच्या मानसानं औत मोडलं तर चूक, गड्यानं मोडलं तर गुन्हा. त्या कोरियात तसंच दिसलं मला. घरचं पोरगं चुकलं तर लोक गानं म्हनत्यात. भायेरचा चुकला तर सगळी चिडीचूप, आन् मालक लोक कानात कुजबुजत्यात. त्येला तिथली भाषाबी येत न्हाय. एक दुभाषी त्याच्यासंगं पळत असतो, कुनी रागावलं तरी आधी त्यानं समजून सांगायचं, मंग ह्येनं वाईट वाटून घ्यायचं. म्या सिस्टरला म्हनलं, तू माजी दुभाषी. डॉक्टर पेशी म्हनला की तू दानं म्हन.

*

तिसऱ्या डोसाला सर म्हनले, आक्का, आज नवा आलाय. आमच्या संघातल्या फेक्याचा खांदा दुखावलाय. त्येला बरा व्हायला सहा आठवडं लागनार, तवर ह्येला आनलाय. सहा आठवड्याचाच करार.

म्या म्हनलं, "बदली गडी."

तांबडी दाढी, घामानं चिंब, मान खाली घालून उभा. त्येनं दुसराच चेंडू टाकला त्यो समोरच्या पोराच्या बरगडीत बसला. म्या म्हनलं, मेला, आता शिव्या खातोय. तर त्येनं डोईची टोपी काढली आन् त्या पोराला वाकून नमस्कार केला. सर म्हनले तिथली रीत हाय. लागलं की टोपी काढायची. बाहेरच्यांना ते आल्यावर शिकवत्यात.

तवा सिस्टर माज्या हाताला शीर हुडकत व्हती. तिसऱ्यांदा सुई टोचली तरी घावंना. म्या म्हनलं, "सिस्टर, टोपी काढ."

तिनं खरंच डोक्यावरची कागदाची टोपी काढली आन् वाकली. सगळी खोली हसली. चौथ्यांदा शीर घावली.

त्या दिवशी म्या सरांना बदलीचं सांगितलं. एक साल माज्या मालकाला विषमज्वर झाला, ऐन ज्वारीच्या पेरनीत. गडी पडला तर घरच्यानं बदली द्यायची, न्हाईतर साल मोडलं म्हंत्यात, आन् साल मोडलेल्या गड्याला फुडच्या पाडव्याला कुनी दारात उभं करत न्हाय. पोरं बारकी. मंग म्या गेले. बाईनं चाड्यावर मूठ धरून बी सोडायचं, तिफन बाप्यानं हाकायची, अशी रीत. म्या तिफन हाकली. जमीनदाराच्या वाड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून बघायला यायच्या. एक म्हातारा म्हनला, बाईनं तिफन धरली की रान वांझ व्हतंय. म्या म्हनलं, मंग तुमी या हाकायला. त्यो आला न्हाय.

सरांनी इचारलं, भ्या नाही वाटलं?

वाटलं की. पर बैलाला कळू दिलं न्हाय.

थोड्या येळानं त्या तांबड्याचं बिनसलं. चेंडू वाकडं पडाय लागले. मंग एक पांढऱ्या केसाचा मानूस मैदानात चालत आला, दुभाषी मागं पळत आला. तांबड्या चेंडू छातीशी धरून उभा. सर म्हनले, हे त्याचे मोठे मास्तर. हात पुढं केला की चेंडू द्यायचा आन् निघायचं. त्या मास्तरानं हात फुडं केला न्हाय. तांबड्यानं काय तरी सांगितलं, दुभाष्यानं काय तरी सांगितलं, आन् मास्तर माघारी गेला. चेंडू त्याच्यापाशीच ऱ्हायला.

*

तिसरा डोस मला झेपला न्हाय. पाचव्या दिवशी ताप भरला, तोंडात फोड, थुकी गिळवंना. सोलापूरला चार दिस ठेवलं. डॉक्टर म्हनला पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, डोस आठवडाभर लांबवू. पेशी लांबली, येवढंच म्या धरलं.

घरी आले तवा अंगात हाडं आन् कातडं. दुपारच्याला माजा भाऊ महादेव आला, माज्याहून मोठा. दत्ता कामावर गेला नव्हता. मला वाटलं बघायला आलाय. तर दोघं म्होरं बसले, सुरेखा दाराला टेकून उभी.

महादेव म्हनला, बया, तुजं वय झालं. जे व्हायचं ते घरात व्हऊ दे. ह्या औषधानं तू आजाराच्या अदुगर मरशील. एक झाडपाला देनारा हाय, त्रास न्हाय, काय न्हाय. पोराचीबी वडातान व्हती.

म्या दत्ताकडं बघितलं. त्यो खाली बघत म्हनला, "आई, मला तुजे हाल बघवंनात. थांबवू या का?"

खरं सांगती, मलाबी तेच पायजे व्हतं. दोन दिस म्या गोधडीत तोंड घालून तेच म्हनत व्हते, आता बास. कुनी तरी म्हनावं आन् म्या हूं म्हनावं, येवढ्यालाच टेकले व्हते. पर दत्ताच्या तोंडनं ऐकलं आन् मला त्यो मैदानात चालत आलेला मास्तर दिसला, चेंडू छातीशी धरलेला तांबड्या दिसला. कुनी वंगाळ मनानं आलं नव्हतं. मास्तरबी वंगाळ नसतो.

म्या म्हनलं, "दत्ता, तू इचारलंस ते चांगलं केलंस. पर म्या दिलं तरच त्ये तुला घेता येतंय. म्या देत न्हाय."

महादेवला कळलंच न्हाय. म्हनला, काय देत न्हाईस? जमीन कुनी मागितली तुला?

म्या म्हनलं, "माजी पेशी हाय, म्या हजर ऱ्हानार. तीन झाल्यात, तीन ऱ्हायल्या. तुजा झाडपाला तू खा, तुला कायमचा खोकला हाय."

सुरेखा दारात फिस्सकन हसली आन् तोंडावर हात धरला. महादेव उठून गेला. दोन म्हैनं बोलला न्हाय.  दत्तानं उठून भिंतीवरच्या कॅलेंडरात फुडच्या पेशीची तारीख बघितली.

*

चौथा डोस झाला. सरांचाबी आठवडा लांबला व्हता, त्यांच्याबी पांढऱ्या पेशी भरल्या नव्हत्या. तांबड्या त्या दिवशी खेळायला नव्हता, पाच दिसातनं एकदाच फेकतोय म्हने त्यो.

पाचव्याला सर मोबाईल खिशात ठेवूनच बसले. तीन वाजले तरी काढंनात. म्या म्हनलं, काय झालं? आज नाचनाऱ्या पोरी आल्या न्हाईत का?

सर म्हनले, त्याला घरी पाठवलं. सहा आठवडे भरले. पहिल्याचा खांदा बरा झाला, पहिल्याला ठेवला.

"जाताना पडून गेला का फेकून गेला?"

"फेकून. शेवटच्या खेळात सात डाव एकट्यानं टाकले. जिंकून दिलं. सगळ्यांनी ओळीनं उभं राहून त्याला निरोप दिला. पण काय उपयोग, आक्का? गेलाच ना." मंग म्हनले, "मीपण पुढच्या वेळी येत नाही म्हणतोय. आपलं असंच असतं. कितीही केलं तरी."

मला लई राग आला. आजाऱ्यावर रागावू नये म्हंत्यात, पर म्याबी आजारीच व्हते.

म्या म्हनलं, "सर, म्या पेरलं त्या साली काय झालं ते तुमी इचारलंच न्हाय. मालक उठले, तिफन त्यांनी घेतली, म्या खुरप्याला गेले. कुनी नाव काढलं न्हाय, वाड्यानं न्हाय आन् मालकांनीबी न्हाय. पर ज्वारी आली. मानसाच्या डोक्याच्या वर. ज्वारीला काय ठावं तिफन बाईनं हाकली का बाप्यानं, कायमच्यानं का बदलीनं? तांबड्यानं जिंकलेला खेळ आता हरलेला व्हतोय व्हय? आपन सगळेच हितं बदलीवर हाय. तुमचं सात डाव झाल्यात का? न्हाय ना. मंग बसा गुमान."

सरांच्या हाताला सलाईन, दुसऱ्या हातानं चष्मा पुसत बसले. साडेतीनला मोबाईल काढला.

सहाव्या डोसाला आमी दोघं हजर व्हतो. सर माज्या अदुगर येऊन बसले व्हते.

*

मंग डॉक्टरनं तपासलं. म्हनला गाठ निम्म्याहून कमी झालीय, आता ऑपरेशन करू, पन छाती काढावी लागंल. ह्या येळेला त्यो माज्याकडं बघून बोलला. त्यो बी शिकला म्हनायचा. वयाचं काय तरी सांगाय लागला, भुलीचं सांगाय लागला, घरी इचार करा म्हनला.

म्या म्हनलं, कवा?

म्हनला, जमलं तर सोमवारी.

म्या म्हनलं, "म्या येती. तुमीच सुट्टीवर जाऊ नका."

ऑपरेशन झालं. आता लाईटीचे शेक, रेडिएशन म्हंत्यात ते, चालू हायेत, रोज एक. बरी झाले का, ते म्या सांगनार न्हाय. ते डॉक्टरबी अजून सांगत न्हाय. हात वर जात नव्हता, आता भिंतीवर बोटं चालवत खिडकीच्या वर नेती. ज्या बाईला हे वाचून रडू येईल तिनं रडून घ्यावं, पर फॉर्म भरायच्या खिडकीम्होरं रडू नये, तिथं लई रांग असती.

परवा सुरेखा मला येडशीला झंपर शिवायला घेऊन गेली. वाटंत हळूच म्हनली, आत्या, त्या बाजूला आतनं कापूस घालून शिवायला सांगू या का? बाजारात लोकं बघत्यात. तिच्या मनात वंगाळ नव्हतं. शिवनारी टेप घेऊन उभी ऱ्हायली. माज्या डाव्या अंगाला आली आन् तिचा हात थांबला. ती सुरेखाकडं बघाय लागली, सुरेखा जमिनीकडं.

म्या पदर बाजूला केला आन् दोन्ही हात पसरून सरळ उभी ऱ्हायले.

"न्हाय त्याचं माप कशाला हुडकतीस बाई," म्या म्हनलं, "हाय त्याचं घे."